गाड्या कमी झाल्या की ठाण्याहून निघताना काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहायला ठाणे पूर्वेला, कोपरीत. नवऱ्याची नोकरी दादरला, बायकोची महापेला. फेऱ्या वरचेवर रद्द होतात, ब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवणं) वाढलेत आणि नेहमीच्या गाडीला दारात पाय ठेवायला जागा नसते. मग घरातून किती आधी निघावं, एसीचा पास काढावा का, आणि गाड्या बंदच पडल्या तर कसं जावं?

आधी निघण्याचं नंतर बघू. गर्दी किती असेल हे गाडीच्या वेळेपेक्षा तिच्याआधी किती मिनिटं गाडी आली नव्हती यावर ठरतं. सकाळी फलाटावर माणसांचा ओघ जवळपास एकसारखा असतो. चार मिनिटांनी गाडी आली तर चार मिनिटांची माणसं चढतात. मधल्या दोन फेऱ्या गेल्या तर पुढच्या गाडीला बारा मिनिटांची माणसं उचलावी लागतात, आणि हे फक्त ठाण्यात नाही, डोंबिवलीपासून कळव्यापर्यंत प्रत्येक फलाटावर झालेलं असतं. थांबा जेमतेम वीस-तीस सेकंदांचा. चढउतार त्यात मावत नाही, गाडी प्रत्येक स्थानकावर आणखी थोडी रखडते आणि मागची गाडी तिला येऊन चिकटते. म्हणून खंडानंतरची पहिली गाडी सगळ्यात वाईट आणि तिच्या पाठोपाठची बरीच बरी.

पहिली गाडी सोडायची की नाही, हे दुसरी कुठे आहे त्यावर ठरवा. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर गाडी नकाशावर दिसते. धीम्या मार्गावर मागची गाडी मुंब्रा सोडून निघाली असेल तर ती दहा मिनिटांच्या आत ठाण्यात येते. पहिली खुशाल जाऊ द्या. मागची अजून कल्याणलाच अडकलेली दिसत असेल, तर समोरच्या गाडीत घुसण्याला पर्याय नाही, किंवा फलाट सोडून दुसऱ्या वाटेला लागावं. लोकलचं वेळापत्रक दाखवणाऱ्या एम-इंडिकेटर ॲपवरच्या चॅटमध्ये स्थानकाचं नाव आणि वेळ असलेला मजकूर तेवढा कामाचा. ‘सगळं बंद आहे’ असं दर दोन मिनिटांनी कुणीतरी लिहीतच असतं. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी दिसते म्हणजे ती जवळ आली असंही समजू नका. वेळापत्रकातली पुढची गाडी तिथे लागलेली असते, तिची मिनिटं पुढे सरकत राहतात.

दादरला जाणाऱ्यासाठी ठाण्याची खरी सोय म्हणजे इथूनच सुटणाऱ्या धीम्या लोकल. कर्जत-कसाऱ्याकडून येणारी जलद गाडी फलाट सहावर लागते तेव्हा आधीच भरलेली असते. ठाणे लोकलचा रेक, म्हणजे डब्यांचा संच, रिकामा येतो. दादरपर्यंत धीमीला जलदपेक्षा बारा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण गाड्या विस्कळीत असलेल्या दिवशी हा फरक बहुतेक वेळा उरतच नाही, कारण जलद गाड्या एकामागोमाग सिग्नलला उभ्या असतात. एक खोच मात्र आहे. ठाणे लोकलचा रेक कळवा कारशेडमधून येतो किंवा मुंबईकडून आलेल्या गाडीचाच बनतो. दुसऱ्या प्रकारात डाऊन, म्हणजे मुंबईकडून येणाऱ्या, गाडीला उशीर झाला की ठाण्याहून सुटणारी फेरी आधी कापली जाते; शेवटचा तुकडा तोडून वेळ भरून काढणं नियंत्रण कक्षाला सोपं असतं. म्हणून डाऊन गाड्या रखडल्याची घोषणा कानावर आली की पुढच्या अर्ध्या तासातल्या ठाणे लोकलवर भिस्त ठेवू नका.

मुलुंड, नाहूरची मंडळी जागेसाठी डाऊन करून येतात, म्हणजे उलट्या दिशेने ठाण्यापर्यंत येऊन त्याच गाडीत बसून राहतात. पास ठाण्यापर्यंतचा असेल तर त्यात काही गैर नाही. मुलुंडचा असेल तर तो विनातिकीट प्रवास आहे, किमान अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं. कळव्याला काही जण रूळ ओलांडून कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत चढतात. फलाट नाही, पायाखाली खडी, दाराची पायरी छातीच्या आसपास. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्याहून मोठी भीती शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीची. फेऱ्या कमी झाल्या की हा प्रकार वाढतो. तुम्ही त्यात पडू नका.

डब्याची निवड लोक फार कमी लेखतात. माणसं पुलाच्या जिन्याखाली साचतात, आणि रोजचा प्रवासी उतरायच्या स्थानकातल्या जिन्यासमोर येणारा डबा धरतो. या दोन्ही ठिकाणांपासून दोन डबे लांब जा. एक डबा साधारण वीस मीटरचा, म्हणजे चाळीस मीटर चालणं, अर्धं मिनिट. एवढ्या अंतराने गर्दीत पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. पंधरा डब्यांची गाडी असेल तर आणखी सोपं: बारा डब्यांच्या सवयीने उभे राहिलेले लोक टोकाच्या डब्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. इंडिकेटरवर १२ की १५ हे आधी बघा, मग जागा धरा. उलट चूकही होते. पंधराच्या जागी बारा डब्यांची गाडी आली की टोकाला उभी असलेली माणसं पळत मागे येतात आणि शेवटच्या दारावर तुटून पडतात. घोषणा नीट ऐका.

चढताना दाराच्या अगदी समोर उभं राहू नका, कडेला राहा. उतरणारे मधून येतात. त्यांना अडवलंत तर तुमचेच दहा सेकंद जातात. पाठीवरची सॅक गाडी दिसायच्या आधीच पोटावर घ्या, मोबाइल आतल्या कप्प्यात टाका. पाकीटमार खिशाला हात घालतो तो याच चढण्याच्या रेटारेटीत. आत गेल्यावर दाराजवळच्या मोकळ्या जागेत थांबायचा मोह टाळा आणि बाकांच्या मधल्या गल्लीत शिरा. तिथे खिडकीचा वारा लागतो, वर कडी असते आणि बसलेल्याला ‘कुठे?’ एवढं विचारलं की घाटकोपर, कुर्ला असं उत्तर मिळतं. घाटकोपरला उतरणाऱ्याच्या समोर उभे राहिलात तर पुढचा प्रवास बसून होतो. तिथे मेट्रोमुळे उतरणाऱ्यांचा लोंढा मोठा असतो, डब्यात पहिल्यांदा हवा खेळते ती तिथेच. दादरला उतरायचं असेल तर कुर्ला सुटताच दाराकडे सरकायला लागा. सायनला जागे होऊन ‘उतरू द्या’ म्हणणाऱ्याला परळला उतरावं लागतं, जलद गाडी असेल तर थेट भायखळ्याला.

दारात लोंबकळण्याबद्दल. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्रा-दिवा दरम्यानच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. वळणावर रूळ एका बाजूने उचललेला असतो, डबा आतल्या बाजूला झुकतो, आणि समोरची गाडीही झुकलेली असते. पायरीवर उभ्या माणसाची सॅक बाहेर आली की उरलेलं अंतर तीच खाते. आत जागा नसेल तर ती गाडी तुमची नाही, एवढंच.

संध्याकाळी दादरहून परतताना चूक वेगळी होते. ठाण्याला उतरणारा माणूस पहिली दिसेल ती कर्जत किंवा कसारा जलद पकडतो. त्या गाडीत दाराजवळ अंबरनाथ-बदलापूरची मंडळी असतात, त्यांना पुढे तासभर जायचं असतं, आणि ठाण्याला उतरणाऱ्यासाठी बाजूला व्हायला कुणी राजी नसतो. वाद तिथे होतात. त्यांच्याकडे दुसरी गाडी नसते, तुमच्याकडे असते. ठाणे लोकल धरा. अक्षरं दाखवणाऱ्या इंडिकेटरवर टी म्हणजे ठाणे, एन म्हणजे कसारा आणि एस म्हणजे कर्जत. तोच एस मार्गाच्या रकान्यात आला तर धीमी, हे नवख्याला चकवतं. ठाणे लोकल सलग रद्द होत असतील तर कल्याण धीमी घ्या, कर्जत जलद नको.

आता महापेची वाट. कोपरीतून येणाऱ्याला ट्रान्सहार्बरचे, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गाचे, नऊ आणि दहा क्रमांकाचे फलाट आधी लागतात, मेन लाइनच्या पुलावरची गर्दी चुकते. महापेसाठी घणसोली किंवा कोपरखैरणे. वाशी, नेरूळ, पनवेल यांपैकी कोणतीही गाडी चालते, कारण तुर्भ्यापर्यंत सगळ्यांचा रस्ता एक. तुर्भ्यानंतर एक फाटा सानपाडा-वाशीकडे जातो, दुसरा जुईनगर-नेरूळकडे. पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर एका रद्द गाडीचा फटका टळतो: नेरूळला जायचंय आणि वाशी गाडी आली तर ती घ्या, सानपाड्याला उतरून हार्बरची (कुर्ला-वाशी-पनवेल मार्गाची) पनवेल गाडी धरा. वाशीला जायचंय आणि पनवेल गाडी आली तर जुईनगरला बदला. सानपाड्याला दोन मार्गांचे फलाट वेगळे आहेत, बदलायला पाच मिनिटं हाताशी ठेवा.

या मार्गावर खंड जास्त बोचतो. गर्दीच्या वेळीही दोन गाड्यांत आठ-दहा मिनिटं असतात, त्यामुळे एक रद्द झाली की वीस मिनिटांची माणसं, दोन गेल्या की अर्ध्या तासाची. मेन लाइनवर वाट बघणं परवडतं, इथे नाही. वीस मिनिटं गाडी आली नाही आणि ॲपवर पुढची दिसत नाही, तर बाहेर पडा. ठाणे-बेलापूर रस्त्याने कळवा नाका, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे अशा ठाणे परिवहन आणि एनएमएमटीच्या (नवी मुंबई परिवहनच्या) बस जातात. मोठा पाऊस असेल तर मात्र हा रस्ता धरू नका. विटाव्याला रेल्वेपुलाखालच्या खोलगट भागात पाणी भरतं आणि कळव्यापासून रांग लागते. अशा दिवशी कोपरीहून द्रुतगती महामार्गाने मुलुंडकडे येऊन ऐरोली पुलावरून पलीकडे उतरणं बरं. कोपरी महामार्गाला लागूनच आहे, आणि १५ ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर टोल नाही, त्यामुळे चौघांनी मिळून टॅक्सी केली तर फार जड जात नाही.

रविवारचे ब्लॉक आधी जाहीर होतात, तरी दर रविवारी फलाटावर गोंधळ असतोच. मेन लाइनवर बहुतेक वेळा माटुंगा ते मुलुंड, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. धीम्या मार्गावर ब्लॉक असेल तर धीम्या गाड्या जलद मार्गावरून नेतात. मग विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर यांना थांबा मिळत नाही. तिथल्या माणसाने कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड यांपैकी जवळच्या स्थानकात उतरून सोय बघायची. जलद मार्गावर ब्लॉक असेल तर जलद गाड्या धीम्यावर येतात आणि पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोहोचतात. दोन्ही प्रकारांत फलाट बदलतो, कधी उतरायची बाजूही बदलते; नेहमीच्या दाराकडे तोंड करून उभं राहणारा त्या दिवशी उलट्या बाजूला अडकतो.

ट्रान्सहार्बरचा ब्लॉक असेल तर ठाणे ते वाशी-नेरूळ गाड्या ११.१० ते ४.१० पूर्ण बंद असतात. हार्बरवर कुर्ला-वाशी ब्लॉक असेल तेव्हा ट्रान्सहार्बर सुरू असते, पण हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर ठाणेमार्गे जायची मुभा दिली जाते. म्हणजे आपला मार्ग ब्लॉकमध्ये नसतानाही नऊ-दहा नंबरवर पनवेल-नेरूळची निम्मी जनता उभी असते. शनिवारी प्रसिद्धिपत्रक वाचताना आपल्याच नव्हे, शेजारच्या मार्गाचीही ओळ वाचा. काही सणांच्या दिवशी मध्य रेल्वे रविवारचं वेळापत्रक लावते. खासगी कार्यालयं सुरू असतात आणि गाड्या कमी. दिवाळीच्या दिवसांत आदल्या रात्री एकदा खात्री करा.

पावसात गाड्या का थांबतात हे कळलं तर किती वेळ थांबायचं याचा अंदाज येतो. रुळांतून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडतात तेव्हा पुढच्या भागात गाडी आहे असं यंत्रणेला कळतं. पाणी साचलं की चाकांशिवायच दोन्ही रूळ जोडले जातात, गाडी नसताना सिग्नल लाल होतो. अशा स्वयंचलित लाल सिग्नलला मोटरमन थोडा थांबून अगदी सावकाश पुढे जाऊ शकतो. गाडी थांबत-सरकत असेल तर बसून राहा. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या यंत्रात पाणी गेलं किंवा ओव्हरहेड वायर तुटली असेल तर काम तासांचं आहे. पंखे-दिवे गेले आणि शेजारच्या मार्गावरही हालचाल नाही, ही दुसऱ्या प्रकाराची खूण. तरीही खाली उडी मारायची घाई नको. ठाणे-दिवा पट्ट्यात पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ पासून सुरू आहे. तुमची गाडी उभी असली तरी लांब पल्ल्याची गाडी वेगात येऊ शकते. वर पंचवीस हजार व्होल्टची तार, ती तुटून लोंबत असेल तर जवळही जाऊ नका. मोटरमन किंवा रेल्वे पोलिसांनी सांगितल्यावरच, त्यांनी दाखवलेल्या बाजूने उतरा. मदतीसाठी रेल्वेचा १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हे दोन क्रमांक फोनमध्ये हवेत.

आणि पुलावर थांबू नका. पाऊस आला की फलाटावरची माणसं आडोशाला जिन्यावर चढतात, वरून उतरणारे अडकतात, तेवढ्यात दोन गाड्या एकदम लागतात. एल्फिन्स्टन रोडला २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जण गेले ते असेच. फलाट बदलल्याची घोषणा झाली तर ती गाडी सोडा, धावू नका. भिजणं चालेल.

कुर्ला ते दादर दरम्यानच पाणी असेल आणि गाड्या घाटकोपरपर्यंत येत असतील तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ घ्या, मरोळ नाक्याला मेट्रो ३ मध्ये बदला. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. वाटेत बीकेसी, दादर आणि सीएसएमटी लागतात. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. रस्त्याने जायचं तर तीन हात नाका किंवा कोपरीहून महामार्गावर बस बघा. रिक्षावाला दादरला नेतो म्हणाला तरी सायनच्या पुढे रिक्षांना मनाई आहे, म्हणजे सायनला उतरून पुन्हा बस किंवा टॅक्सी.

वेळ बदलता येत असेल तर त्यासारखं काही नाही. मध्य रेल्वेने स्वतःच्या मुंबईतल्या कर्मचाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२३ पासून ९.३० ते ५.४५ आणि ११.३० ते ७.४५ अशा दोन वेळा दिल्या. साहेबांकडे बोलताना हा दाखला उपयोगी पडतो. ठाण्यात सकाळी ७.३० च्या आधी किंवा १०.१५ नंतर निघणं, एवढा बदल पुरे आहे. दहा मिनिटं आधी निघण्याने काही होत नाही, तुम्ही फक्त गर्दीच्या दुसऱ्या टोकाला जाता.

गरोदर महिलांना आणि कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. कागद सोबत ठेवा. महिलांचे काही डबे चोवीस तास राखीव असतात, काही ठरावीक वेळेतच. वेळ डब्यावर लिहिलेली असते, रात्री उशिरा चढताना ती वाचूनच चढा.

राहिला एसीचा पास. एसीचं किमान तिकीट पस्तीस रुपये, साध्या दुसऱ्या वर्गाचं पाच. मध्य रेल्वेवर दिवसाला सुमारे १,८०० फेऱ्या होतात, त्यात एसीच्या थोड्याच. म्हणून आधी वेळापत्रक उघडून आपल्या जाण्याच्या आणि येण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासात एसी गाड्या किती आहेत ते मोजा. दोन्हीकडे किमान दोन-दोन असतील तरच पास काढा. एकच असेल तर ती रद्द झाल्याच्या दिवशी तुम्ही साध्या गाडीतच असणार. तेव्हा हे लक्षात ठेवा: एसीचा पास साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासला चालतो, फर्स्ट क्लासचा पास एसीला चालत नाही. एसी गाडीतही खंडाचा नियम सुटत नाही, उलट दार अडलं तर ते बंद होईपर्यंत गाडी हलतच नाही. आणि पास मोबाइलवर असेल तर ॲप उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट धरत नाहीत. गाड्या रखडलेल्या दिवशी ॲपवर गाडी शोधण्यातच बॅटरी संपते, म्हणून पॉवर बँक ठेवा किंवा खिडकीवरून छापील पास काढा.